दोन ओंडके आणि एक तांडा : रामाने केलेल्या सांत्वनाचं पुन्हा एकदा वाचन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)

आजच्या व्याख्यानाचा विषय संयोजकांनी ‘आयुष्यातले ऋतू आणि सोबती’ असा जाहीर केला आहे. विषय चांगला आहे, पण फार ऐसपैस आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला एवढं मोकळं रान दिलं की तो तासभर कुठेही हिंडून येतो आणि श्रोत्यांच्या हाती काही लागत नाही. म्हणून मी विषय जरा आवळून घेणार आहे. आपण एकच दृष्टान्त घेऊ, तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या कानावरून हजार वेळा गेलेला. समुद्रात दोन ओंडके वाहत येतात, एकमेकांना लागतात, काही काळ बरोबर तरंगतात आणि मग वेगळे होतात. माणसांचं भेटणं असंच आहे, असं राम भरताला सांगतो. हा दृष्टान्त खरा आहे का, कितपत खरा आहे, आणि आपण तो जसा वापरतो तसा वापरावा का, एवढंच आज पाहायचं आहे.

मराठी माणसाला हा दृष्टान्त वाल्मीकींकडून आलेला नाही, तो गीतरामायणातून आला आहे. गदिमांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी चाली लावलेली ती ५६ गीतं १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी प्रसारित झाली. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते गीत त्यातलं बहुधा सर्वांत जास्त गायलं गेलेलं. आज ते गीत कुठे ऐकू येतं? शोकसभेत. दहाव्याला, तेराव्याला. फोटोला हार घातलेला असतो, शेजारच्या खोलीत स्पीकरवर ते बारीक आवाजात लावलेलं असतं, आणि येणारा प्रत्येक जण खुर्चीवर टेकता टेकता मान हलवतो. जिचा नवरा गेला आहे ती बाई समोर बसलेली असते. तिला आपण सगळे मिळून सांगत असतो की अगं, ओंडके होते ते, लाट आली, गेले.

या गीताची थोरवी मला मान्य आहे. इतका अवघड विचार इतक्या सोप्या मराठीत, घराघरात पोचेल असा, क्वचितच कुणी मांडला असेल. पण थोर रचना म्हणूनच ती नीट वाचायला हवी. मूळ संस्कृत श्लोक आणि गीतातलं कडवं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की दोन फरक दिसतात.

पहिला फरक. वाल्मीकी एवढंच म्हणतात की दोन लाकडं महासागरात एकत्र येतात आणि काही काळाने दूर होतात. गदिमांनी त्यात एक लाट आणली, आणि पुन्हा भेट नाही हेही आणलं. ही पुन्हा न भेटण्याची गोष्ट मूळ श्लोकात नाही. काव्य म्हणून ही भर जबरदस्त आहे, कारण तिने दृष्टान्ताला धार आली. पण गंमत बघा, ज्या कथेत हे वाक्य येतं त्या कथेत हे दोन भाऊ चौदा वर्षांनी पुन्हा भेटतात. त्याच गीतात पुढे राम चौदा वर्षांचा हिशेबही सांगतो. म्हणजे बोलणाऱ्याला परत यायचं आहे, ऐकणारा वाट पाहणार आहे, आणि दृष्टान्त मात्र कायमच्या ताटातुटीचा.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. ओंडक्यांचा श्लोक अयोध्याकांडात, प्रचलित प्रतीच्या १०५ व्या सर्गात येतो. तो एकटा येत नाही, दृष्टान्तांची एक माळच आहे तिथे. पिकलेल्या फळाला गळून पडण्याखेरीज दुसरं भय नसतं. भक्कम खांबांचं घरही जुनं होऊन ढासळतं. गेलेली रात्र परत येत नाही. आणि ओंडक्यांच्या अगदी आधी ऋतूंचा दाखला आहे : नवा ऋतू आला की माणसं हरखतात, जणू काही नवीन पाहुणा आला, पण ऋतू बदलतात तसतसं आयुष्य झिजत असतं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ऋतू आणि सोबती, आज संयोजकांनी जी जोडी लावली, ती वाल्मीकींनी केव्हाच लावून ठेवलेली आहे. गीतात ऋतूंचा दाखला आलेला नाही. गीताला जागा थोडी असते, त्याबद्दल कवीला दोष देता येणार नाही. पण माळेतला एक मणी उरला आणि बाकीचे गेले की तो मणी हीच माळ आहे असं वाटायला लागतं. ओंडक्यांचं तसं झालं आहे.

आता हा दृष्टान्त कुणी, कुणाला, कधी सांगितला ते पाहू. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही विधान तपासतो, ते कुणाच्या तोंडी आहे हे फारसं विचारत नाही. साहित्यात तसं चालत नाही.

भरत सैन्य घेऊन, माता आणि मंत्री घेऊन चित्रकूटावर आला आहे. दशरथ गेल्याची बातमी तो रामाला देतो. ती ऐकल्यावर राम काय करतो? तो कोसळतो. आणि तिथे वाल्मीकींनी कोणती उपमा वापरली आहे? शेंड्याला फुलं आलेलं झाड रानात कुऱ्हाडीने तोडल्यावर पडावं तसा. हे ओंडक्यांच्या अवघे दोन सर्ग आधी. मग सीता रडते, चौघे भाऊ रडतात, सगळे मंदाकिनीवर जातात, पाणी देतात. वनात तांदूळ नाही, म्हणून राम इंगुदीच्या पेंडीत बोरं कालवून पिंड करतो. जे आम्ही खातो तेच तुम्ही घ्या, असं वडिलांना म्हणतो. परत आल्यावर त्या चौघा भावांच्या रडण्याचा आवाज डोंगरात घुमतो आणि खाली तळावरच्या सैन्यालाही ऐकू जातो. रात्र जाते. त्यानंतर, हे सगळं झाल्यानंतर, राम ओंडक्यांची गोष्ट सांगतो.

माझा पहिला मुद्दा हा आहे. वाल्मीकींच्या क्रमात आधी माणूस झाडासारखा तुटून पडतो आणि मग लाकडाची भाषा बोलतो. समुद्रात वाहणारा ओंडका कधीतरी फुलं आलेलं झाड होता. ते सांत्वन ज्याच्या तोंडून येतं तो स्वतः रडून, अंघोळ करून, पिंड ठेवून आलेला आहे. आपण शोकसभेत यातलं फक्त शेवटचं पान वाचतो, आणि तेही ज्याचं काही तुटलेलं नाही असा माणूस, ज्याचं सगळं तुटलं आहे अशा माणसाला वाचून दाखवतो.

कुणी म्हणेल, वाल्मीकींचा रामही ‘शोक करू नकोस’ असंच म्हणतो. म्हणतो खरं. पण त्याला भरताला परत पाठवायचं आहे, राज्य सांभाळायला लावायचं आहे. ते सांत्वन आहे आणि मनधरणीही आहे. अशा वेळी वापरलेला दृष्टान्त औषधासारखा असतो. औषधाला मात्रा असते, वेळ असते, रोगी ठरलेला असतो. ते औषध आपण रोजच्या जेवणात वाढायला लागलो, तिथे घोटाळा झाला.

हा श्लोक तसा भटकाच आहे. महाभारताच्या शांतिपर्वात युद्ध संपल्यावर व्यास युधिष्ठिराची समजूत घालताना अश्मा नावाच्या ब्राह्मणाने जनकाला केलेला उपदेश ऐकवतात, त्यात तो आहे. हितोपदेशात मुलगा साप चावून गेलेल्या कौंडिण्याला कपिल सांगतो तिथेही आहे. जिथे जिथे तो येतो तिथे समोर एक माणूस मोडून पडलेला असतो, आणि त्याला उठवायचं असतं. हा श्लोक कधीही सुखात बसलेल्या माणसाला सांगितलेला नाही.

आता दृष्टान्ताच्या पोटात शिरू. ओंडक्यांचं सांगणं कुठे खरं आहे? तीन ठिकाणी. आपली भेट आपण ठरवलेली नव्हती, हे खरं. कुठल्या गावी जन्मलो, शेजारी कोण आलं, वर्गात बाकावर बाजूला कोण बसलं, यातलं काहीच आपण निवडलेलं नव्हतं. वियोगही आपल्या हाती नाही, हेही खरं. आणि ज्या पाण्याने एकत्र आणलं त्याच पाण्याने वेगळं केलं, म्हणून कुणाला दोष देऊ नये, हेही खरं. राम कैकेयीला दोष देत नाही, त्यामागे हेच आहे. एवढ्यापुरता हा दृष्टान्त शहाणपणाचा आहे आणि मला तो प्रिय आहे.

खोटा कुठे पडतो? लाकडाला लाकूड लागलं तर लाकडात काही बदलत नाही. वेगळं झाल्यावर ओंडका होता तेवढाच, तसाच, पुढे वाहतो. माणसाचं असं होत नाही. ज्याच्याबरोबर तुम्ही तीस वर्षं काढली त्याचे शब्द तुमच्या तोंडी येतात. चहात आलं किती घालायचं ते तुम्ही त्याच्याकडून उचललेलं असतं. वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायची सवय त्याची, ती तुम्हाला लागते. तो जातो आणि सवय राहते. म्हणजे ‘दोन वस्तू एकत्र आल्या आणि वेगळ्या झाल्या’ हे वर्णनच चुकीचं आहे. भेटताना जे दोघे होते ते वेगळे होताना उरलेलेच नसतात.

ग्रीक-रोमन परंपरेतला एपिक्टेटस हा स्टोइक तत्त्वज्ञ याच वाटेने गेला. तो सांगतो, आवडीचं मडकं असेल तर मनाशी म्हणा की हे मडकं आहे, म्हणजे फुटल्यावर त्रास होणार नाही. आणि लगेच पुढे : बायकोला, मुलाला जवळ घेताना मनाशी म्हणा की हे मर्त्य आहे, म्हणजे गेल्यावर तुम्ही डळमळणार नाही. मी हे विद्यार्थ्यांना शिकवायचो तेव्हा वर्गात नेहमी एक अस्वस्थ शांतता पसरायची. मडक्याकडून मुलाकडे येताना मध्ये एक मोठी दरी आहे आणि एपिक्टेटस ती एका उडीत पार करतो. ओंडक्यांचा दृष्टान्तही तीच उडी मारतो. फक्त आपल्याला तो लहानपणापासून सुरात ऐकायला मिळाला, म्हणून दरी दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, सर, हा शब्दांचा कीस कशाला? दृष्टान्त आहे, सोडून द्या. सोडून देता येत नाही, कारण माणसं दृष्टान्तांवर आयुष्य बेततात. आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक कट्टा आहे. एकेकाळी आम्ही सात जण बसायचो, आता तीन उरलो आहोत. मागच्या हिवाळ्यात नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ येऊन बाजूच्या बाकावर बसायला लागले. गप्पांना उत्सुक, हसतमुख. आमच्यातला एक जण मला हळूच म्हणाला, ‘आता या वयात नव्या ओळखी कशाला वाढवायच्या? शेवटी ओंडकेच ना आपण?’ बोलला हसत, पण त्याला ते खरोखर म्हणायचं होतं. चार जणांना पोचवून आलेला माणूस पाचव्याला जीव लावायला कचरतो, हे मी समजू शकतो. पण ज्या वाक्याने भरताला उठवलं, त्याच वाक्याच्या आधाराने माझा मित्र दार लावून घेत होता. ते वाक्य तपासायची गरज मला तिथे वाटली.

आणि तपासायला फार लांब जावं लागत नाही. वाल्मीकींनी स्वतःच ते तपासलं आहे. ओंडक्यांची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला कवी पुढे एकेका ऋतूतून नेतो, आणि प्रत्येक ऋतूत विचारतो, काय रे, तू ओंडका आहेस का?

सुरुवात थोडी आधीपासून करू. भरत यायच्या आधी, चित्रकूटावर राम सीतेला डोंगर दाखवतो आहे. राज्य गेलं आहे, घर सुटलं आहे, आप्त दुरावले आहेत. बाहेरून पाहिलं तर याहून वाईट दिवस कोणते? आणि राम म्हणतो की हा रमणीय डोंगर पाहून मला राज्य गेल्याचं आणि सुहृद दुरावल्याचं काही वाटत नाही. कारण बाजूला सीता आहे.

आता पंचवटीला या. म्हणजे आपल्याकडे, गोदावरीवर. नाशिककर ही जागा आपली मानतात. अरण्यकांडाच्या १६ व्या सर्गात हेमंत ऋतू आहे. पहाटे तिघं नदीवर अंघोळीला निघाली आहेत. धुकं आहे, ऊन कोवळं आहे, पाणी हाताला लावून बघवत नाही. लक्ष्मण या थंडीचं मोठं सुंदर वर्णन करतो आणि करता करता त्याला भरत आठवतो. तो म्हणतो, भरतही आत्ता असाच पहाटे शरयूवर निघाला असेल, थंड जमिनीवर झोपत असेल, सुखात वाढलेला तो हे गार पाणी कसं सोसत असेल. मग त्याची गाडी कैकेयीवर घसरते. राम त्याला अडवतो : आईला बोल लावू नकोस, भरताविषयीच बोल. आणि पुढे कबूल करतो की वनवासाबद्दल माझं मन पक्कं आहे, तरी भरताच्या मायेने ते पुन्हा लहान मुलासारखं होतं.

हे कोण बोलतंय? ज्याने भरताला ओंडक्यांचं तत्त्वज्ञान सांगितलं तोच. चित्रकूटावर ते ऐकून भरत त्याला म्हणाला होता की दुःख तुला हलवत नाही आणि आनंद तुला चढत नाही, तुझ्यासारखा दुसरा कोण आहे? भरताला तसं दिसलं. गोदावरीच्या गार पाण्यात उभं राहिल्यावर खरं काय ते कळतं. थंडी हा नुसता ऋतू राहत नाही. दूर असलेल्या माणसालाही आत्ता हीच थंडी वाजत असेल, या कल्पनेमुळे ती दोघांची होते.

पुढे सीता गेल्यावर किष्किंधाकांड सुरू होतं ते पंपा सरोवरावर, वसंतात. सगळ्यांत सुंदर ऋतू. फुलं, कोकिळा, वारा. राम म्हणतो, तिच्यासोबत जे जे रमणीय वाटायचं तेच आता तिच्यावाचून अरमणीय वाटतं. चित्रकूट आणि पंपा शेजारी ठेवा. एका ठिकाणी वाईट काळ आणि सोबत आहे, म्हणून काळ चांगला. दुसऱ्या ठिकाणी उत्तम ऋतू आणि सोबत नाही, म्हणून ऋतू सोसवत नाही. ऋतू आपल्या जागी चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कुणाबरोबर काढला, हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

इथे वाल्मीकी थांबले असते तर आपण म्हणालो असतो की सोबत असेल तर सुख, नसेल तर दुःख, एवढंच. पण कवी खमक्या आहे. याच वाईट काळात रामाला नवा सोबती मिळतो. सुग्रीव. त्याचीही बायको हिरावली गेली आहे, तोही घरातून हाकलला गेला आहे. दोन दुःखी माणसं अग्नीला साक्षी ठेवून मैत्री करतात. सीता हरवलेल्या रामाने ‘आता नव्या ओळखी कशाला’ असं म्हटलं असतं, तर रामायण तिथेच संपलं असतं.

आणि नवी मैत्री झाली म्हणून सगळं गोड झालं, असंही कवी म्हणत नाही. सुग्रीवाला राज्य मिळतं, पावसाळा लागतो. राम डोंगरावरच्या गुहेत चार महिने काढतो. ते त्याला शंभर वर्षांसारखे वाटतात. सुग्रीव खाली किष्किंधेत सुखात मशगूल. शरद येतो, आभाळ निवळतं, तरी याचा पत्ता नाही. वाईट दिवसांनी जोडलेला मित्र चांगल्या दिवसांत विसरतो, हा अनुभव तुमच्यापैकी कुणाला नाही? लक्ष्मण रागाने धनुष्य घेऊन नगरात जातो, राम कडक निरोप पाठवतो, तारा मध्ये पडते, सुग्रीव शरमतो, येतो. राम त्याला जवळ घेतो. राग येणं, वाट पाहणं, कडक बोलणं आणि तरी जवळ घेणं, हे सगळं सोबतीत येतं. ओंडक्यांना रुसता येत नाही, म्हणून त्यांना परतही येता येत नाही.

म्हणजे राम पुढे वागतो ते स्वतःच्या उपदेशाविरुद्ध. लंका जिंकल्यावर बिभीषण त्याला म्हणतो, अंघोळ कर, सजून घे, चार दिवस थांब. तो म्हणतो नाही, माझ्यासाठी भरत व्रत धरून बसला आहे, मला त्याच्याकडे जायचं आहे. आणि उत्तरकांडात, जे पुष्कळ अभ्यासक नंतरची भर मानतात, तिथे लक्ष्मणाचा त्याग करावा लागल्यावर राम फार काळ राहूच शकत नाही. ज्या वाटेने लक्ष्मण गेला त्याच वाटेने, शरयूकडे, तोही जातो. ती भर ज्याने घातली त्यानेही राम बरोबर ओळखला होता, असं मला वाटतं.

यावर वेदान्ती श्रोता हात वर करील. हा मोह झाला, तुम्ही मोहाचं कौतुक करताय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात थंडी-ऊन, सुखदुःख येतात-जातात, ती सोस, असं सांगितलं आहे ना? सांगितलं आहे. पण तिथला शब्द तितिक्षा आहे, सोसणं. सोसायला आधी जाणवावं लागतं. ज्याला थंडी वाजतच नाही त्याने काय सोसलं? तितिक्षा हा जिवंत कातडीचा गुण आहे.

बुद्धांचं उदाहरण या बाबतीत मला फार बोलकं वाटतं. कुसिनारा इथे बुद्ध अखेरच्या शय्येवर आहेत आणि आनंद बाजूला जाऊन रडतो आहे. बुद्ध त्याला बोलावून घेतात. आधी तेच सांगतात जे राम सांगतो : जे जे प्रिय त्याच्यापासून वियोग होणारच, जे जन्मलं ते मोडणारच. पण तिथे थांबत नाहीत. पुढे म्हणतात, आनंदा, तू दीर्घकाळ माझी सेवा केलीस, कायेने, वाचेने, मनाने, प्रेमाने केलीस. मग जमलेल्या भिक्षूंसमोर त्याचे गुण सांगतात. अनित्यतेचं सत्य आणि सोबतीबद्दलची कृतज्ञता ही दोन्ही एकाच बोलण्यात येतात. आपल्या शोकसभांत पहिला भाग घाईघाईने उरकतो आणि दुसरा भाग भाषणबाजीत हरवतो.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळं बोललो तिच्याकडे येतो. त्याच १०५ व्या सर्गात, ओंडक्यांच्या लगेच पुढे, आणखी एक दृष्टान्त आहे. तो गीतात आला नाही आणि म्हणून आपल्या बोलण्यातही आला नाही. रस्त्यावरून व्यापाऱ्यांचा तांडा चालला आहे. वाटेत एक माणूस उभा आहे. तो जाणाऱ्यांना म्हणतो, ‘मीही तुमच्या मागून येतोच आहे.’ राम म्हणतो, आपले वाडवडील ज्या वाटेने गेले ती वाट अशीच आहे.

बघा, दोन श्लोकांच्या अंतरात केवढा फरक पडला. समुद्र गेला आणि वाट आली. समुद्रात दिशा नसते, वाटेला असते. लाकडं गेली आणि माणसं आली. लाकडं मुकी होती, हा माणूस बोलतो. आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे, ओंडक्यांमध्ये वेगळं होणं म्हणजे दुरावणं आहे. तांड्यात पुढे गेलेला आणि मागे राहिलेला एकाच वाटेवर आहेत. मृत्यू दोन्हीकडे तेवढाच अटळ आहे, वाल्मीकींनी त्यात काडीची सूट दिलेली नाही. पण मागे राहिलेल्याला काही करायला शिल्लक आहे. त्याने पाहायचं आहे, हाक घालायची आहे, आणि आपली वेळ येईपर्यंत त्या वाटेवर उभं राहायचं आहे. उभा आहे तोवर मागून येणाऱ्याशी बोलायचंही आहे.

हा दृष्टान्त मराठीला परका नाही. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. कुणी चुकून म्हणालं तर घरातली म्हातारी माणसं दटावायची, ‘जातो काय? येतो म्हण.’ आणि जेवायला, देवळात, लग्नाला निघालेल्यांना आपण म्हणतोच ना, ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.’ तांड्याकडे पाहणारा तो माणूस नेमकं हेच म्हणतो आहे. माझी सूचना एवढीच आहे की शोकाच्या घरी गेल्यावर ओंडके जरा बाजूला ठेवावेत. समोरच्याला रडू द्यावं, पाणी द्यावं, गेलेल्याने काय काय केलं ते नावानिशी बोलावं. समजुतीचं तत्त्वज्ञान दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी चालतं, रामानेही दुसऱ्याच दिवशी सांगितलं.

एका श्रोत्याचा प्रश्न : सर, मग ते गीत शोकसभेत लावू नये का?

उत्तर : लावा की. मी काही बंदी घालायला आलेलो नाही. मला स्वतःला ते पाठ आहे. फक्त ते ऐकताना हे लक्षात असू द्या की गाणारा थोड्याच वेळापूर्वी फुललेल्या झाडासारखा कोसळलेला आहे. मग ते गीत कोरडं राहत नाही. बाबूजींचा आवाज ऐका, त्यात तो ओलावा आहे. शब्द वैराग्याचे आणि सूर मायेचा. कदाचित म्हणूनच ते गीत इतकं टिकलं. शब्दांनी जे सोडलं ते चालीने धरून ठेवलं.

दुसरा प्रश्न : वय झाल्यावर नवी मैत्री खरंच होते का? की ती नुसती वेळ घालवण्याची सोबत असते?

उत्तर : जुनी मैत्री चाळीस वर्षांत तयार होते, आणि तेवढी चाळीस वर्षं आता माझ्याकडे नाहीत, हे उघड आहे. नव्या माणसाला माझे आई-वडील माहीत नाहीत, माझं तरुणपण माहीत नाही. ती जागा तो भरून काढणार नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. सुग्रीव काही भरत नव्हता. पण सुग्रीवाशिवाय सीतेचा शोधही लागला नसता. वेळ घालवण्याची सोबत म्हणालात, तर वेळ हीच तर आपल्याजवळ उरलेली चीज आहे. ती कुणाबरोबर तरी घालवावी, हे वाईट कसं?

आमच्या कट्ट्यावरचे ते नवे गृहस्थ आता आमच्याच बाकावर बसतात. बुद्धिबळ चांगलं खेळतात, आणि हरले की चिडतात. ज्या मित्राला ओळख वाढवायची नव्हती तोच हल्ली त्यांची वाट बघत असतो. यातून काही सिद्धान्त निघतो असं मी म्हणत नाही. घडलं ते सांगितलं.

वेळ संपली आहे, दिवे मालवणारे थांबले आहेत. येतो. नमस्कार.